घुबड सोडून बोला: तुमचा आवडता जादुई सोबती कोणता?

पिंपळपार (धागाकर्ता)

डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये (पात्रं वठवत, फासे टाकत टेबलावर खेळायचा खेळ) जादुई सोबती, म्हणजे फॅमिलिअर, बोलावणाऱ्या फाइंड फॅमिलिअर या स्पेलच्या (मंत्राच्या) यादीत पंधरा प्राणी आहेत. वटवाघूळ, मांजर, खेकडा, बेडूक, ससाणा, सरडा, ऑक्टोपस, घुबड, विषारी साप, मासा, उंदीर, रेव्हन (मोठा कावळा), समुद्रघोडा, कोळी आणि विझल (मुंगसासारखा सडपातळ प्राणी). एवढं सगळं समोर असताना प्रत्येक विझर्ड (जादूगार) घुबडावरच बोट का ठेवतो? माझ्या टेबलावर (ठाणे, आठवड्याआड शनिवार, डीएम, म्हणजे खेळ चालवणारा, मीच) सध्या दोन विझर्ड आहेत आणि दोघांच्याही खांद्यावर घुबड. कुठलं कोणाचं हे त्यांनाही आठवत नाही.

आम्ही डंजन्स अँड ड्रॅगन्सची पाचवी आवृत्ती खेळतो, २०१४ ची पुस्तकं. २०२४ ची नवी एकाकडे आहेत, बाकीच्यांची परत खिशात हात घालायची तयारी नाही.

तर, तुमचा आवडता सोबती कोणता आणि का? घुबड सोडून बोला. स्पेलमधलाच हवा असं नाही. वॉरलॉकचा (करार करून जादू मिळवणारा) इम्प म्हणजे छोटा सैतान, रेंजरचा (रानात वावरणारा योद्धा) लांडगा, दुसऱ्या गेममधला, घरी बनवलेला, काहीही चालेल. फक्त "क्यूट असतो" एवढ्यावर सोडू नका, टेबलावर त्याने काय केलं ते सांगा.

आकडेमोड

घुबड सोडून? मग धागा काढलाच कशाला :)

लोक घुबड आवडतं म्हणून घेत नाहीत, गणित जमतं म्हणून घेतात. उडायचा वेग ६० फूट. अंधारात १२० फुटांपर्यंत दिसतं. बघण्या-ऐकण्याच्या पर्सेप्शनला (काही लक्षात येतं का त्याचा फासा) अ‍ॅडव्हान्टेज. (म्हणजे दोन फासे टाकून मोठा घ्यायचा.) आणि मुख्य म्हणजे फ्लायबाय, म्हणजे शत्रूच्या अंगावरून उडून बाहेर पडलं तरी त्याला फुकटचा वार मिळत नाही. फॅमिलिअरला हल्ला करता येत नाही, पण हेल्प, म्हणजे साथीदाराचा वार सोपा, करता येते. दर राउंडला घुबड खाली येतं, ओगरच्या तोंडावर पंख फडफडवतं, परत वर जातं. आपल्या रोगला (चोराचं पात्र) अ‍ॅडव्हान्टेज मिळाला की स्नीक अटॅक (जास्त दुखापतीचा वार) आलाच. पहिल्या लेव्हलच्या स्पेलमधून एवढं मिळत असेल तर कोण सोडेल? हाच उद्योग ससाण्याने केला तर पहिल्याच फेरीत त्याची चटणी.

मी नवखी

थांबा थांबा. मी व्हिडिओ गेम खेळून इकडे आलेय, टेबलावर आत्ता आत्ता बसायला लागलेय. फॅमिलिअर म्हणजे पाळीव प्राणीच ना? मग रेंजरच्या प्राण्यात आणि यात फरक काय? शोधायला गेलं तर सगळीकडे लोक एकमेकांशी भांडतायत.

पिंपळपार (धागाकर्ता)

इथेही भांडतीलच, त्याआधी उत्तर देऊन टाकतो.

फॅमिलिअर हा प्राणी नसतोच. प्राण्याचं रूप घेतलेला आत्मा असतो. दैवी, फे (परीलोकातला) किंवा सैतानी, यातलं काय ते तुम्ही ठरवायचं. पितळी शेगडीत दहा सुवर्णमुद्रांचा कोळसा, धूप आणि वनस्पती जाळायच्या, तासभर बसायचं की तो येतो. रिच्युअल म्हणून केलं तर दहा मिनिटं जास्त लागतात पण स्पेल स्लॉट (मंत्रांचा ठरलेला कोटा) वाचतो. १०० फुटांच्या आत असेल तर मनातल्या मनात बोलता येतं (साधारण लोकलचा दीड डबा). स्वतःची अ‍ॅक्शन (पाळीतली मुख्य कृती) खर्च करून त्याच्या डोळ्यांनी बघता येतं, पण तेवढा वेळ आपण स्वतः आंधळे-बहिरे. स्पर्शाचा स्पेल त्याच्या पंजाने पोहोचवता येतो. हिट पॉइंट (जीव मोजायचे गुण) शून्य झाले की नाहीसा होतो, मागे मढं राहत नाही. परत धूप-कोळसा जाळला की परत हजर.

रेंजरच्या बीस्ट मास्टर या सबक्लासचा (उपप्रकाराचा) प्राणी खरा, हाडामांसाचा. २०१४ च्या पुस्तकात त्याला हल्ला करायला सांगायचं तर रेंजरला स्वतःची अ‍ॅक्शन द्यावी लागायची, म्हणून त्या सबक्लासच्या नावाने इतकी वर्षं शिमगा चालला. २०२० च्या पुरवणी पुस्तकात जमीन, पाणी, आकाश असे तीन साचे आले आणि काम बोनस अ‍ॅक्शनवर (पाळीतली जास्तीची छोटी कृती) भागायला लागलं. तेव्हापासून शांतता आहे.

मी नवखी

धन्यवाद! म्हणजे घुबड मेलं तरी मेलं नाही. हे जरा फसवाफसवीचंच वाटतं, पण ठीक.

खिडकीतला कावळा

माझं मत रेव्हनला, नाव बघून कळलंच असेल. रूप मात्र मी आपल्या डोमकावळ्याचं घेतो, आकडे रेव्हनचे. मुंबईत राहून दुसरा पक्षी कशाला हवा?

याच्या मिमिक्रीकडे कोणी बघत नाही. ऐकलेला साधा आवाज हुबेहूब काढतो: कुजबुज, बाळाचं रडणं, जनावराची चिरचिर. ऐकणाऱ्याला ओळखायला १० चा इनसाइट चेक (फाशावर १० किंवा जास्त), म्हणजे साधे पहारेकरी जवळजवळ निम्म्या वेळा फसतात. आम्हाला बंदरावरच्या गोदामात शिरायचं होतं, दारावर दोन पहारेकरी. कावळा मागच्या गल्लीत कौलावर बसून तान्ह्या बाळासारखा रडायला लागला. एक पहारेकरी बघायला गेला, आला नाही म्हणून दुसरा गेला. एकही फासा मारामारीसाठी टाकावा लागला नाही. डीएमने चार तास खपून आखलेली लढाई तशीच कागदावर राहिली.

त्याचा सूड त्याने पुढच्या वेळी घेतला. गावाबाहेरच्या राईत कोकिळा आणली. माझा कावळा अर्धा सेशन एका घरट्यावर बसून राहिला, हलायला तयार नाही. तक्रार कुठल्या तोंडाने करणार?

सोफ्यावर मांजर

मांजरवाल्यांच्या वतीने निषेध नोंदवते. २०१४ च्या पुस्तकात मांजराला अंधारात दिसत नाही. उंदराला दिसतं, ३० फूट. बेडकाला दिसतं. सरड्याला दिसतं. मांजराला नाही! ज्याने हे लिहिलं त्याच्या घरात रात्री तीन वाजता कधी मांजर धावलं नसणार.

तरी मी मांजरच घेते. गावात, बाजारात, राजवाड्यात मांजराकडे कोणी वळून बघत नाही. दिवसाढवळ्या घुबड खिडकीत बसलं तर अख्खी गल्ली गोळा होते. ससून डॉकवर मांजर दिसलं तर कोण विचारणार की तू कोणाची हेर?

आकडेमोड

@सोफ्यावर मांजर, हा मुद्दा मान्य. शहरी मोहिमेत मांजर किंवा उंदीर बरा. पण गुहेत शिरल्यावर मांजराला मशाल दाखवत न्यावं लागतं ही लाजिरवाणी गोष्ट आहे :)

भरतीओहोटी

समुद्रघोड्याबद्दल कोणीच बोलत नाही, कारण बोलण्यासारखं काही नाही. जमिनीवरचा वेग शून्य.

ऑक्टोपस मात्र घ्याच. मी ओहोटीला हाजीअलीच्या खडकांत फिरायला जाते तेव्हा डबक्यात कधीकधी दिसतो. दिसतो म्हणजे काय, आपण ज्याला दगड समजत असतो तो सरकतो. तीन हृदयं, निळं रक्त, आणि मज्जापेशींपैकी बहुतेक हातांमध्येच. म्हणजे हात आपापला विचार करतात. ज्या जादूगाराच्या शाळेत हा प्राणी शेवटच्या बाकावर बसवतात ती शाळा बंद करा.

खेळात तो पाण्याबाहेर अर्धा तास श्वास धरू शकतो, हे लोक वाचतच नाहीत. मी त्याला पाण्याच्या घड्यात घेऊन फिरते. पाणी भरलेल्या भुयारात आधी तोच जातो, मी त्याच्या डोळ्यांनी बघते, आणि मागे काही लागलं तर शाई सोडून परत. आमच्या खेळात बुडालेल्या देवळाच्या गाभाऱ्यातली किल्ली त्यानेच काढली, कुलपाच्या आतून हात घालून. डीएम म्हणाला नियमात असं कुठे लिहिलंय. मी म्हटलं ओहोटीला ये, दाखवते. त्याने फासा टाकायला दिला आणि तो बरा पडला.

पाय मोकळे

डीअँडडी (डंजन्स अँड ड्रॅगन्स) सोडून बोलायला परवानगी आहे म्हणून लिहितो. पाथफाइंडर या तसल्याच खेळाच्या दुसऱ्या आवृत्तीत (२०१९) फॅमिलिअरची शक्ती रोज सकाळी निवडता येते, सुरुवातीला दोन. आज उडणारा, उद्या बोलणारा, परवा हाताने दार उघडणारा. प्राणी कुठलाही चालतो कारण आकडे प्राण्यावर अवलंबून नाहीत. नियम ऑनलाइन फुकट आणि रीतसर उपलब्ध आहेत. घुबडाचा प्रश्न तिथे उद्भवतच नाही. बस, एवढंच.

थॅको काका

पोरांनो, तुम्ही सगळे कुठला प्राणी कामाचा यावर बोलताय. मेला तर काय होतं हे कोणी बोलत नाही, आणि माझ्या मते आवड तिथे ठरते.

डीअँडडीच्या १९७८ च्या पुस्तकात प्राणी निवडताच यायचा नाही. कोळसा जाळायचा आणि वीस बाजूंचा फासा टाकायचा. काळं मांजर आलं तर मांजर, बेडूक आला तर बेडूक, आणि काहीच आलं नाही तर पैसे धुरात. तो मेला तर त्याच्या हिट पॉइंटच्या दुप्पट हिट पॉइंट तुमच्या जादूगाराचे कायमचे जायचे. त्या काळी पहिल्या लेव्हलच्या जादूगाराला चारच्या फाशावर हिट पॉइंट मिळत. म्हणजे समजा काय ते.

तिसऱ्या आवृत्तीत फॅमिलिअर हुशार व्हायचा, बुद्धी सहापासून सुरू होऊन तुमच्याबरोबर वाढायची. बेडूक घेतला की तुम्हाला तीन हिट पॉइंट जास्त, विझल घेतला की रिफ्लेक्सला (चपळाईने वाचण्याला) दोन, मांजर घेतलं की चोरपावलांना तीन. पण मेला तर १५ चा फॉर्टिट्यूड सेव्ह (शरीराचा चिवटपणा आजमावायचा फासा), चुकला तर दर लेव्हलमागे २०० अनुभवगुण वजा, साधला तरी त्याच्या निम्मे. वर वर्ष आणि एक दिवस नवीन मिळणार नाही. आम्ही बेडूक लढाईच्या वेळी पिशवीत ठेवून पिशवीला गाठ मारायचो.

आता दहा मुद्रा टाकल्या की नवा. कशाची माया लागणार?

आकडेमोड

काका, आदर आहे, पण तुम्हीच सांगितलंत: बेडूक पिशवीत, पिशवीला गाठ. शिक्षा इतकी जबर की प्राणी खेळात उतरायचाच नाही. कॅरेक्टर शीटवरची (पात्राच्या कागदावरची) एक ओळ, +३ हिट पॉइंट, झालं. आता तो मरायला स्वस्त आहे म्हणून तर घड्यातून बाहेर येतो, कौलावर बसून रडतो. वर ज्या दोन मस्त गोष्टी वाचल्या त्या तुमच्या नियमात घडल्याच नसत्या.

थॅको काका

मुद्दा बिनतोड आहे, पण पटला नाही. रेव्हनवाल्याने कौलावर कावळा पाठवला तेव्हा त्याला धाकधूक होती का? नव्हती. मग तो कावळा म्हणजे कॅमेरा झाला.

खिडकीतला कावळा

धाकधूक होती हो काका. दहा मुद्रा आमच्या पार्टीकडे नव्हत्याच :)

गडवाट

भांडणाच्या मध्ये सरडा सोडतो.

तानाजी आणि यशवंती घोरपडीची कथा आपण सगळे ऐकून आहोत. इतिहासाचे अभ्यासक ती मानत नाहीत, ते सोडा, पण टेबलावर सोबती म्हणून यापेक्षा मराठमोळं काय असणार? मी हिशोब केला. सरड्याची स्ट्रेंग्थ २. उचलायचं वजन गुणिले १५, म्हणजे ३० पौंड, आकाराने टायनी (सगळ्यात लहान) म्हणून निम्मे, १५. ५० फूट तागाच्या दोराचं वजन १० पौंड. म्हणजे पुस्तकातल्या नियमानेच फॅमिलिअर सरडा दोर घेऊन तटावर चढू शकतो! वेग २० फूट, रात्री दिसतं, पहारेकऱ्याला भिंतीवरची पाल दिसली तरी तो बोंब मारणार नाही. दोराला लटकलेल्या माणसाचं वजन तो पेलेल का, हा प्रश्न डीएमचा. माझ्या डीएमने त्याला वर नेऊन दोर कंगोऱ्यात अडकवू दिला आणि मला स्लाइट ऑफ हँडचा (हातचलाखीचा) फासा टाकायला लावलं.

खऱ्या घोरपडीच्या वाटेला मात्र कोणी जाऊ नये. वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे ती.

आकडेमोड

घुबडाची स्ट्रेंग्थ ३. साडेबावीस पौंड. आणि उडत नेईल.

गडवाट

अरे जा ना यार.

करारपत्र

वॉरलॉककडून. चेन पॅक्टवाल्यांना (वॉरलॉकच्या करारांतला एक प्रकार) इम्प, क्वासिट (छोटा राक्षस), स्प्राइट (इवली परी) आणि स्यूडोड्रॅगन (छोटा ड्रॅगन) असे चार जास्तीचे मिळतात. सगळे इम्प घेतात, कारण अदृश्य होतो, उंदीर-कावळा-कोळी होतो, बोलतो, जादूच्या अंधारातही बघतो. शिवाय आपला एक वार सोडून त्याच्याकडून डंख मारवता येतो.

मी स्प्राइट घेतली. ती स्पर्श करून समोरच्याच्या मनात काय भावना आहे ते सांगते. रहस्याच्या मोहिमेत हे सोनं आहे. सरदार गोड बोलतोय आणि स्प्राइट कानात सांगतेय की हा घाबरलाय. पुढे काय विचारायचं ते आपोआप सुचतं.

इम्पवाल्यांना एक विचारायचं होतं: तो सैतान आहे ना? मग दिवसभर तुम्ही काय बोलता ते रात्री तो कोणाला सांगतो?

समईवाली

काका आणि आकडेमोड दोघांनाही एक सुचवते, कारण आमच्या टेबलावर हाच वाद झाला होता.

स्पेल नीट वाचा. फॅमिलिअर नाहीसा झाला की परत स्पेल टाकल्यावर *तो* परत येतो. नवा येत नाही. आणि आधीचा हयात असताना स्पेल टाकला तर तोच दुसरं रूप घेतो. म्हणजे आत्मा पहिल्या दिवसापासून एकच. घुबड, मांजर, खेकडा ही त्याची आजची रूपं. आपण सगळे इथे रूपावर भांडतोय.

आमच्या डीएमने एवढंच केलं: त्याला सगळं आठवतं. माझा फॅमिलिअर उंदीर आहे, सैतानी जातीचा, नाव हिशेबनीस. पहिल्यांदा मेला तो मी सापळा तपासायला त्याला पुढे ढकललं म्हणून. दहा मुद्रा जाळल्या, परत आला. नियमाने माझं ऐकतो, ऐकावंच लागतं. पण तेव्हापासून मी "पुढे जा" म्हटलं की आधी विचारतो, "मागच्यासारखं?" दुसऱ्यांदा आगीत मेला. आता शेकोटी पेटवली की तो माझ्या टोपीत बसतो आणि प्रत्येक मरणाची तारीख म्हणून दाखवतो. अनुभवगुण गेले नाहीत, हिट पॉइंट गेले नाहीत. तरी मी परवा दाराच्या फटीतून त्याला पाठवायच्या ऐवजी स्वतः वाकून बघितलं आणि बाण खाल्ला.

थॅको काका

हे आवडलं. २०० अनुभवगुणांपेक्षा हे जास्त लागतं.

आकडेमोड

खर्च शून्य, नियम एकही बदलला नाही. माझी हरकत नाही. पण मग प्राणी निवडताना आकडे बघायला मी मोकळा, बरोबर? स्वभाव आत्म्याचा, पंख घुबडाचे.

समईवाली

मोकळाच आहेस की. मुळात प्राण्याचा प्रश्नच दुय्यम आहे. दैवी, फे की सैतानी, ही निवड सगळे कॅरेक्टर शीटवर लिहायची म्हणून लिहितात आणि विसरतात. मी आधी ते विचारते. फे असेल तर त्याला वचनं आणि भेटी कळतात. दैवी असेल तर तुम्ही कैद्याला मारलंत त्या रात्री तो बोलणार नाही. सैतानी असेल तर माझ्यासारखा हिशेब ठेवतो.

शेंदूर

मग आपले आत्मे का नकोत? आमच्याकडे वेताळ आहे, घरी बनवलेला. पाठीवर बसतो. कुठल्याही मढ्याबद्दल, पडक्या वाड्याबद्दल एक खरी गोष्ट त्याला माहीत असते आणि ती तो कथा म्हणून सांगतो, शेवटी प्रश्न विचारतो. उत्तर माहीत असून गप्प राहिलात तर डोक्याची शंभर शकलं, म्हणजे आमच्याकडे मानसिक डॅमेज. तोंड उघडलंत की तो उडून झाडाला लटकतो आणि परत आणायला जावं लागतं. खेळाडूला दर वेळी ठरवावं लागतं की आता डॅमेज परवडेल की पायपीट.

याचा एक अनपेक्षित फायदा: वेताळ बोलत असताना टेबलावर कोणी मध्ये बोलत नाही. नाहीतर आमच्यात लोकलच्या वेळापत्रकापासून पिझ्झापर्यंत सगळं चालू असतं.

मुंज्याचाही विचार चालू आहे. पिंपळापासून १०० फुटांत सर्वशक्तिमान, त्यापलीकडे काही नाही. अडचण ही की पार्टीला पिंपळ घेऊन फिरावं लागेल.

मी नवखी

कुंडीत?

शेंदूर

!!! नोंद घेतली. पुढच्या मोहिमेत कुंडीतला मुंजा. श्रेय तुम्हाला.

टेबलावरचं घुबड १

नमस्कार. धागाकर्त्याच्या टेबलावरचा घुबडवाला मीच, पहिला. सगळं वाचलं. पहिली गोष्ट, माझं घुबड करड्या रंगाचं आहे आणि दुसऱ्याचं गव्हाणी, पांढऱ्या चेहऱ्याचं. डीएमने कधी विचारलंच नाही. दुसरी गोष्ट, तुम्ही सगळे त्याला हे काय काय शिकवताय?

पिंपळपार (धागाकर्ता)

बरं झालं आलास. घुबड राहू दे, दोघांचीही राहू देत, मी बंदी आणणार नाही. समईवालींचा नियम मात्र या शनिवारपासून लागू. तुझं घुबड आतापर्यंत गॉब्लिनच्या बाणाने, जेलीत बुडून आणि एकदा तुमच्याच फायरबॉलमध्ये गेलंय. सगळं त्याला आठवतं.

टेबलावरचं घुबड १

फायरबॉल माझा नव्हता, तो सॉर्सररचा (आमच्यातला दुसरा जादूगार) होता.

पिंपळपार (धागाकर्ता)

ते घुबडाला समजाव. आणि ते दैवी, फे की सैतानी हे तुझ्या कागदावर कोरंच आहे, आत्ताच बघितलं. ठरवून शुक्रवारपर्यंत कळव, मला त्याचा आवाज बसवायचाय.

टेबलावरचं घुबड १

फायरबॉलबद्दल कमी चिडणारं कुठलं?

समईवाली

कुठलंच नाही.